छपराची काच कोण बदलणार?

उत्तर फ्रान्समधल्या एन जिल्ह्यात वाझ नदी एके ठिकाणी मोठं वळण घेते. त्या वळणावर ग्वीझ नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आत. टेकडीवर ग्वीझच्या ड्यूकांचा पडका किल्ला, खाली नदी, आणि नदीच्या कुशीत एकमेकींना कोपऱ्यात जोडलेल्या विटांच्या तीन भव्य इमारती. जाँ-बातिस्त आंद्रे गोदँ या शेगड्यांच्या कारखानदाराने १८५९ पासून त्या आपल्या कामगारांना राहायला बांधल्या आणि वस्तीला नाव दिलं फॅमिलिस्तेर. १९९१ साली त्यांना ऐतिहासिक वास्तू म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. २००० साली ‘युटोपिया’ नावाने जीर्णोद्धाराचा सार्वजनिक कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१० साली मधल्या इमारतीत संग्रहालय उघडलं.

एन हा फ्रान्समधल्या सर्वाधिक बेकारीच्या जिल्ह्यांपैकी एक. ग्वीझच्या भोवतीचा तिएराश हा भाग कुरणांचा, दुभत्या गाईंचा आणि बंद पडलेल्या लहानमोठ्या कारखान्यांचा. अशा मुलखात कोट्यवधी युरो दीडशे वर्षांपूर्वीच्या विटांवर का घालायचे, असं कुणी विचारलं तर त्याला अरसिक ठरवून गप्प बसवता येणार नाही. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की पैसा जरूर घालावा, पण त्या भिंतींच्या आत जी सोय चालत होती ती माणसांना पुन्हा मिळावी म्हणून घालावा, आणि दरवर्षीच्या देखभालीची रक्कम आधी बाजूला काढून मग घालावा. हे दोन्ही जमत नसेल तर उद्घाटनाची फीत कापण्यात अर्थ नाही.

असं म्हणण्याचं कारण गोदँच्याच हिशेबात आहे. हा माणूस १८१७ साली जवळच्या एस्केएरी गावात कुलपं करणाऱ्या लोहाराच्या घरी जन्मला. त्या काळी शेगड्या पत्र्याच्या असत. पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो आणि काही हिवाळ्यांत जळून भोकं पडतात. गोदँने १८४० साली बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, शेगडीचं पेटंट घेतलं. बीड उष्णता धरून ठेवतं, साच्यात ओतता येतं, त्यावर नक्षी उठते आणि पुढे इनॅमलही चढवता येतं. १८४६ साली त्याने कारखाना ग्वीझला आणला. माणसांनी एकत्र राहून सामायिक वसाहती वसवाव्यात असं मांडणाऱ्या शार्ल फूरिए या फ्रेंच विचारवंताने तो भारलेला होता. त्या विचारांवर १८५५ साली टेक्सासमध्ये वसवलेल्या वसाहतीत त्याने आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घातला आणि गमावला. त्यानंतर त्याने जे करायचं ते स्वतःच्या कारखान्याशेजारी, स्वतःच्या देखरेखीखाली करायचं ठरवलं.

त्याची मूळ कल्पना ‘श्रीमंतीचे समतुल्य’ ही होती. श्रीमंत माणसाकडे दाई असते, शिक्षक घरी येतो, धोबी असतो, बाग असते, नाटकाला जायला गाडी असते. कामगाराला हे एकेकट्याने कधीच परवडणार नाही. पण चारशे-पाचशे कुटुंबं एका जागी राहिली तर यातली प्रत्येक गोष्ट सामायिक रूपात मिळू शकते. म्हणून घरांबरोबर तान्ह्या मुलांसाठी संगोपनगृह आलं. शाळा आली, तीही मुलामुलींची एकत्र, मोफत आणि धर्माच्या शिकवणीपासून मुक्त. फ्रान्समध्ये मोफत आणि धर्ममुक्त शिक्षणाचा कायदा व्हायच्या दहा-बारा वर्षं आधी. १८७० च्या सुमाराला नाट्यगृह, धुण्याची जागा आणि पोहण्याचा तलाव तयार झाला. दुकानं होतीच, आणि नदीकाठी बागा होत्या. १८८० च्या दशकाअखेरीस तिथे सतराशेहून अधिक माणसं राहत होती.

इमारतीची रचनाही याच हिशेबाची आहे. मध्ये मोठं चौक, चारी बाजूंनी चार मजले, प्रत्येक मजल्यावर चौकाकडे उघडणारी सलग गॅलरी आणि वर काचेचं छप्पर. गिरणगावातली चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना गॅलरी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे चौक पावसापासून झाकलेलं आहे आणि प्रत्येक बिऱ्हाडाला दोन तोंडं आहेत, एक चौकाकडे आणि एक बाहेरच्या मोकळ्या हवेकडे. त्यामुळे घरातून वारा आरपार जातो. चौकातली हवा खेळती ठेवायला जमिनीखाली बोगदे आहेत. बाहेरची हवा त्यांतून येते, वाटेत थंड होते, चौकाच्या फरशीतल्या जाळ्यांतून वर चढते आणि छपराच्या फटींतून बाहेर पडते. खाली उजेड कमी पोचतो म्हणून खालच्या मजल्यांच्या खिडक्या मोठ्या ठेवल्या आहेत. पाणी पंपाने माळ्यावरच्या टाक्यांत चढवून प्रत्येक मजल्यावर नळाला आणलं होतं. केरासाठी मजल्यामजल्यावर झडप होती, त्यातून केर थेट तळघरात पडे. रात्रभर चौकात गॅसचे दिवे जळत.

धुणं मात्र घरात करायचं नाही, असा इथला शिरस्ता. त्यामागचं कारण आजच्या घरबांधणीलाही लागू पडतं. कपडे उकळले आणि खोलीत वाळत घातले की ओल भिंतीत मुरते, कोपऱ्यात बुरशी धरते आणि मुलं खोकत राहतात. म्हणून नदीपलीकडे कारखान्याच्या शेजारी धुण्याची स्वतंत्र इमारत बांधली. कारखान्यातलं वाया जाणारं गरम पाणी तिथे फुकट मिळे. त्याच इमारतीत, त्याच पाण्यावर, सुमारे ५० चौरस मीटरचा तलाव केला. तलावाचा तळ लाकडी फळ्यांचा, वरखाली सरकणारा. फळ्या वर घेतल्या की पाणी लहान मुलांच्या कमरेइतकं, खाली सोडल्या की मोठ्यांना पोहण्याइतकं. पाणी तापवायला वेगळं इंधन नाही, मुलांसाठी वेगळा तलाव नाही. एका खर्चात तीन कामं करणाऱ्या या बुद्धीला मी वारसा म्हणतो. सरकत्या फळीला काचेच्या पेटीत ठेवून ती बुद्धी जपली जात नाही.

पण ही सगळी यंत्रणा चालवायला पैसा कुठून येई? १८८० साली गोदँने भांडवल आणि श्रम यांची भागीदारी संस्था स्थापन केली. नफ्यातला कामगारांचा वाटा त्यांना रोख न देता संस्थेच्या शेअरच्या रूपात दिला जाई, आणि असं करत करत कारखाना आणि घरं दोन्ही कामगारांच्या मालकीची झाली. भाडं, दुरुस्ती, शाळेचा खर्च, म्हातारपणची तरतूद हे सगळं एकाच संस्थेच्या वहीत. कारखान्याचा नफा आणि छपराची काच यांचा थेट संबंध होता. गोदँ १८८८ साली वारला, पण संस्था त्याच्यामागे ऐंशी वर्षं टिकली. पहिल्या महायुद्धात जळालेली डावी इमारत १९२० च्या दशकात तिने पुन्हा उभी केली.

१९६८ साली ती संपली. गॅस आणि विजेच्या उपकरणांची स्पर्धा वाढली होती, युरोपची बाजारपेठ खुली झाली होती आणि संस्था आतून सुस्तावली होती. तिचं रूपांतर साध्या कंपनीत झालं. कारखान्याचे मालक बदलत राहिले, गोदँच्या नावाच्या शेगड्या ग्वीझमध्ये पुढेही बनत राहिल्या. घरं मात्र सुटी सुटी विकली गेली. माझ्या मते फॅमिलिस्तेरचं खरं नुकसान महायुद्धातल्या आगीने झालं नाही, ते या खरेदीखतांनी केलं. ज्याने दोन खोल्या घेतल्या तो दोन खोल्यांचा मालक झाला. छप्पर, चौक, जिने, तळघरातले बोगदे सगळ्यांचे, म्हणजे कुणाचेच नाहीत. निवृत्त कामगाराच्या पेन्शनमधून काचेच्या छपराचा वाटा कसा निघणार? पन्हळी तुंबल्या की पाणी भिंतीत उतरतं, आणि सर्वांची सही मिळेपर्यंत आणखी दोन पावसाळे जातात. पुढे सार्वजनिक संस्थेला एकेक घर विकत घेत पुन्हा बरंचसं एका हाताखाली आणावं लागलं.

छपराचं प्रकरण थोडं उलगडून सांगतो, कारण अशा वास्तूंच्या अंदाजपत्रकात चुका नेमक्या इथेच होतात. एकोणिसाव्या शतकातली एकेरी काच तीन ते चार मिलिमीटर जाडीची. काचेचं वजन दर मिलिमीटरला दर चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे जुन्या काचेचा भार साडेसात ते दहा किलो. आज माणसांच्या डोक्यावर काच बसवायची तर फुटली तरी न कोसळणारी, दोन थरांत पातळ चिकट पडदा असलेली लागते. चार अधिक चार मिलिमीटर धरली तर भार वीस किलोच्या वर जातो. कुणी ऊब टिकावी म्हणून दुहेरी काच सुचवली, की पस्तीस किलो. सांगाडा लाकडी, दहा किलोसाठी बेतलेला. म्हणजे काच बदलायची तर आधी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, तपासायच्या, सांध्यांत लोखंडी पट्ट्या घालायच्या, भिंतीत गेलेली तुळयांची टोकं उघडून पाहायची, कारण कूज तिथे सुरू होते आणि बाहेरून दिसत नाही. काच हा खर्चातला लहान भाग असतो, तिच्याखालचं लाकूड मोठा.

दुसरी चूक हवेची. हिवाळ्यात चौक गार लागतं म्हणून वरच्या फटी बंद केल्या जातात. मग खालच्या बोगद्यांतून येणाऱ्या हवेला वाट राहत नाही, माणसांच्या श्वासाची आणि फरशी पुसल्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूला जमते आणि थेंब लाकडावर पडत राहतात. उन्हाळ्यात त्याच बंद फटींमुळे वरचा मजला भट्टी होतो. ही चौकं ऊबदार दिवाणखाने नाहीत, ती झाकलेली गल्ली आहे, असं समजून वापरली तरच इमारत निरोगी राहते. आग लागली तर धूरही याच वाटेने वर जायला हवा, म्हणून त्या फटी उघडण्याची यंत्रणा दर वर्षी चालवून पाहणं हे सौंदर्याचं काम नव्हे, जिवाचं काम आहे.

घरांच्या भिंतींबाबतही असंच. वीट चुन्यात बांधलेली आहे. विटांमधल्या सांध्यांच्या दर्जा, म्हणजे फटी, भरताना सिमेंट वापरलं की सांधा विटेपेक्षा कठीण होतो, ओल बाहेर पडायला विटेतूनच वाट शोधते, आणि पहिल्या गोठणाऱ्या थंडीत विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. आतून उष्णतारोधक थर लावताना त्याहून सांभाळावं लागतं. प्लास्टिकच्या पडद्यासकट फोम चिकटवला की मूळ भिंत थंड पडते, तिच्यात पाणी जमतं आणि तुळयांची टोकं कुजतात. पाच ते आठ सेंटिमीटरचा हेम्प या भांगेच्या जातीच्या रोपाच्या काड्या आणि चुन्याचा थर, किंवा लाकडाच्या तंतूंचे तक्ते, ओल शोषतात आणि परत सोडतात. ऊब फोमइतकी राखत नाहीत, खोलीतली जागाही थोडी खातात, पण पन्नास वर्षांनी भिंत उभी असते. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूचं विजेचं बिल कमी होणं आणि वास्तू टिकणं या दोन गोष्टींचा मेळ इथे बसतो, आणि सार्वजनिक पैशाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

संग्रहालय नको, असं माझं म्हणणं नाही. ग्वीझच्या संग्रहालयाने एक मोठं काम केलं आहे. कामगारांचा इतिहास त्यांच्याच घरात मांडला, आणि त्याच परिसरात माणसं राहत आहेत, नाट्यगृहात प्रयोग होत आहेत, १ मेला उत्सव भरतो आहे. पण पाहुणे आणि रहिवासी यांना एका चौकाखाली ठेवणं सोपं नसतं. फ्रेंच नियमांत लोकांच्या वर्दळीची जागा आणि राहती इमारत यांचे अग्निसुरक्षेचे निकष वेगळे आहेत. सुटकेच्या वाटा, दारांची रुंदी, धूर अडवणारे दरवाजे, सगळं वेगळं. वर्दळीचे निकष कडक असल्यामुळे सोपा मार्ग म्हणजे रहिवासी हलवणं. प्रशासनाला हा मोह पडतोच. तो टाळायचा तर जिने वाटून घ्यावे लागतात, पाहुण्यांचा मजला वेगळा काढावा लागतो, भेटीच्या वेळा बांधाव्या लागतात. खर्च होतो. तो करावा.

तो का करावा हे मार्न नदीवरच्या न्वाझिएलकडे पाहिलं की कळतं. मनिए या चॉकलेट घराण्याने १८२५ पासून तिथे पाणचक्की चालवली, आणि १८७२ साली ज्यूल सोल्निए या वास्तुविशारदाने नदीच्या प्रवाहातच खांबांवर लोखंडी सांगाड्याची गिरणी उभी केली. बाहेरून तिरक्या लोखंडी पट्ट्या दिसतात, मध्ये रंगीत विटा. विटांवर भार नाही, सगळा भार सांगाड्यावर. लोखंडी सांगाड्यावर उभ्या आधुनिक इमारतींच्या इतिहासात या गिरणीचं नाव सुरुवातीला येतं. कारखाना बंद झाल्यावर १९९० च्या दशकात नेस्लेने तिथे फ्रान्सचं मुख्य कार्यालय केलं. जीर्णोद्धार देखणा झाला. पण वापरणारा एकच होता, आणि २०२० च्या सुमाराला त्याने पॅरिसच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवलं. एवढी मोठी जागा एकदम रिकामी झाली, आणि पुढचा वापर ठरवण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून. न्वाझिएल पॅरिसच्या रेल्वेवर आहे, त्याला पुढचा कुणी भेटेल. ग्वीझला एकच मोठा भाडेकरू सोडून गेला तर दुसरा येणार नाही. वीस लहान उपयोग, त्यांतले दोन-तीन दर वर्षी बंद पडले तरी चालतील असे, हीच लहान गावाची सुरक्षितता.

गोदँवरचे आक्षेप मी टाळणार नाही. गॅलरीतून सगळ्यांना सगळं दिसतं, म्हणजे प्रत्येकजण प्रत्येकावर नजर ठेवतो. घर आणि नोकरी एकाच हाती, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. संस्थेत पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या वर्गातला भागीदार व्हायला फॅमिलिस्तेरमध्ये राहणं आवश्यक, आणि तिथे खोली मिळायला आधीच्या सदस्यांच्या मुलांना अग्रक्रम. पन्नास वर्षांत त्यातून कामगारांचीच एक वतनदारी तयार झाली, आणि कारखान्यात काम करणारे पण गावात राहणारे शेकडो लोक कमी हक्कांवर राहिले. हे दोष खरे आहेत. म्हणूनच आज सोयी चालवायच्या तर त्या फॅमिलिस्तेरच्या कुंपणाआत अडकवू नयेत. संगोपनगृह, दुकान, वाचनालय, सायकल दुरुस्तीची शेड, जे काही उघडेल ते अख्ख्या गावासाठी आणि आसपासच्या खेड्यांसाठी असावं.

आणि गाव म्हणजे नदीही. वाझला १९९३ आणि १९९५ च्या हिवाळ्यात मोठे पूर आले. त्यानंतर वरच्या अंगाला प्रुआझी इथे नदीखोऱ्याच्या संयुक्त संस्थेने पूर रोखणारा मातीचा बांध घातला, तो २००९ पासून वापरात आहे. एरवी नदी त्याच्या दारांतून मोकळी वाहते. पूर चढला की दारं खाली येतात आणि मागची कुरणं काही दिवस पाण्याखाली जातात. हे बांधकाम पाहायला कुणी तिकीट काढून येत नाही, पण फॅमिलिस्तेरच्या तळघरातले बोगदे कोरडे ठेवण्यात त्याचा वाटा कुठल्याही पुरातत्त्वज्ञाइतकाच आहे. बोगद्यात गाळ बसला की हवा थांबते, हवा थांबली की वरचं लाकूड भिजतं. वारशाचं अंदाजपत्रक आणि पुराचं अंदाजपत्रक दोन वेगळ्या कार्यालयांत बनतं, ते एका टेबलावर आलं पाहिजे.

देखभाल चुकली की काय होतं, याचं उदाहरण दोन-तीन कोसांवर आहे. सांब्र ते वाझ हा कालवा १८३९ साली वाहतुकीला खुला झाला. त्यावरचे, नदीच्या डोक्यावरून कालवा नेणारे पूल कमकुवत झाले म्हणून २००६ साली तो बंद करावा लागला. व्हादाँकूरच्या पुलासकट दुरुस्ती होऊन तो पुन्हा उघडायला २०२१ उजाडलं. उरलेला सगळा कालवा धड असूनही पंधरा वर्षं तिथून आरपार नाव गेली नाही, आणि काठावरच्या गावांचा उन्हाळी धंदा बसला. रेल्वेची तर गोष्टच वेगळी. ग्वीझला आज प्रवासी गाडी येत नाही. इर्सोंकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर चालण्या-सायकलीचा हिरवा रस्ता केला आहे, तो सुंदर आहे. पण पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या सँ-काँतँच्या स्टेशनपर्यंत संध्याकाळची बस नसेल, तर नाट्यगृहातला प्रयोग गाडी असणाऱ्यांसाठीच राहतो. बसच्या दोन फेऱ्या हाही वारशाचाच खर्च आहे.

आता त्या तलावाचं. तो पुन्हा पाण्याने भरून मुलांना पोहू द्यावं, अशी इच्छा होणं स्वाभाविक आहे. मी ती मागणी करणार नाही. पोहण्याच्या दालनात हवा पाण्याहून किंचित गरम, अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि तिच्यातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असते. थंड विटेवर आणि एकेरी काचेवर ती थेट पाणी होऊन उतरेल. क्लोरीनपासून बनणारे वायू लोखंड खातील. गाळणी, फेरपाण्याचे पंप, आंघोळीच्या जागा बसवायला १८७० ची इमारत पोखरावी लागेल. जुनी जागा जशी आहे तशी राहू द्यावी. पण जवळच्या कुठल्याही सार्वजनिक तलावाचं पाणी तापवताना आसपासच्या कारखान्याची वाया जाणारी उष्णता उष्णता-विनिमयकातून घ्यावी, आणि तळ सरकता ठेवावा. हल्ली तो स्टीलचा आणि हायड्रॉलिक असतो, एकाच कुंडात तान्ह्यांचा वर्ग, म्हाताऱ्यांचा व्यायाम आणि शाळेचं पोहणं बसतं. तिथल्या भिंतीवर गोदँचं नाव नसलं तरी चालेल.

धुण्याच्या बाबतीत मात्र जुनी गरज अजून तशीच आहे. लहान घरांत, बंद खिडक्यांत, खुर्च्यांवर कपडे वाळत पडलेले असतात आणि कोपऱ्यातली बुरशी रंगाने झाकलेली असते. दुरुस्त होणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर धुण्याची आणि वाळवण्याची सामायिक खोली असावी. पाच-सहा यंत्रं, ओल बाहेर फेकणारा पंखा, आणि त्याचा खर्च भाड्यात आधीच धरलेला. त्याच भाड्यात छपरासाठी वेगळा निधी असावा, आणि तो दुसऱ्या कशालाही वापरता येणार नाही अशी अट करारात असावी. पानगळ संपली की नोव्हेंबरात पन्हळी साफ करायच्या, मार्चमध्ये काचांच्या कडेची लांबी (पुट्टी) तपासायची, फुटलेली काच आठवड्याच्या आत बदलायची. या कामासाठी गावातलेच दोन माणसं कायम पगारावर हवीत, शिडी आणि सुताराची हत्यारं त्यांच्या हाताशी, आणि छपराच्या फटींची किल्ली त्यांच्याकडे.